रत्नागिरी शहरात लग्नासाठी चार रात्री : झोप लागेल अशी खोली कुठे मिळेल?

अनुराधा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नणंदेच्या मुलाचं लग्न आहे, रत्नागिरीत. कार्यालय मारुती मंदिरपासून चालत जाण्यासारखं. हळद, सीमंतपूजन, लग्न आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, म्हणजे चार रात्रींचा मुक्काम.

मला अर्धशिशी आहे. सलग झोप मिळाली तर मी पंगतीत वाढायलाही उभी राहते. पण रात्री दोनदा दचकून जाग आली की दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत कपाळाला रुमाल बांधून जातो. एरवी चालतं, पण इथे मी नवरदेवाची मामी. मामी दिसली नाही तर ते पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बारशाला ऐकावं लागेल.

सासूबाईंचं म्हणणं, कार्यालयातल्याच खोल्या घ्या, सगळे एकत्र राहू. त्या खोल्या हॉलच्या बरोबर वर आहेत. त्यापुढे मी काही बोलत नाही.

ऑनलाइन शोधायला बसले तर प्रत्येक हॉटेल स्वतःला ‘शांत व निसर्गरम्य’ म्हणवतं आणि प्रत्येकाचा फोटो एकच : पांढरी चादर, तिच्यावर टॉवेलचा हंस. डोंबिवलीत बसून खरं कसं ओळखायचं? लांबच्या एखाद्या गावात राहा असं कृपया सांगू नका. दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता आलं पाहिजे. गाडी नाही, रेल्वेने येतोय. रात्रीला दोन-तीन हजारांपर्यंत चालेल.

शिमगाप्रेमी

लग्नाला जायचं, वर शांतताही हवी! ताई, कापूस घेऊन जा.

गंमत सोडा. गणपतीपुळ्याला राहा की. मस्त समुद्र.

बॅगवाला

शिमगाप्रेमी, आरे-वारे मार्गे गेलं तरी पुळे पंचवीसेक किलोमीटर आहे. ताई दुपारी पाठ टेकायला पुळ्याला जाऊन संध्याकाळच्या पंगतीला परत येणार का? आणि डिसेंबरात पुळ्याला शांतता कुठली?

ताई, मी औषध कंपनीत एमआर. चिपळूण ते सावंतवाडी हा माझा पट्टा. घरच्या उशीपेक्षा लॉजच्या उश्या जास्त ओळखीच्या झाल्यात. सकाळी डॉक्टरच्या दारात ताज्या तोंडाने उभं राहावं लागतं, नाहीतर डॉक्टरच मला तपासायला घेतील. त्यामुळे झोपेच्या बाबतीत मी भलताच चिकित्सक आहे. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी, फोनवर ‘तुमचं हॉटेल शांत आहे का हो?’ असं विचारू नका. या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. काउंटरवरचा मुलगा खोटं बोलत नसतो. तो जिन्याखाली गादी टाकून झोपतो आणि त्याला तिथेही गाढ झोप लागते. त्याचं वय वीस. शांत म्हणजे काय हे तो त्याच्या कानांनी ठरवणार.

त्याला विचारा, ‘खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?’ डोळ्यांना दिसणारी वस्तू सांगताना माणूस मीठमसाला लावत नाही. ‘समोर मेन रोड दिसतो, एकदम छान व्ह्यू’ असं तो आनंदाने सांगेल, की तुम्ही आनंदाने फोन ठेवा. ‘काय नाय, मागे कंपाउंड आणि शेजाऱ्यांचे माड’ असं जरा ओशाळून म्हणाला, तर ती खोली तुमची. व्ह्यू नसलेली म्हणून दर पण कमी लावतात.

मग विचारा, ‘खोलीच्या वर काय आणि खाली काय?’ वर गच्ची असेल तर तिथे पाण्याची टाकी असते, आणि आपल्याकडे गच्चीवर पावसासाठी पत्र्याची शेड घातलेली असते. त्या शेडखाली वाढदिवस, साखरपुडे आणि जेवणावळी होतात, रात्री अकराला लोखंडी टेबलं ओढली जातात. खाली किचन असेल तर उजाडायच्या आत मिक्सरवर खोबरं आणि दिवसभर एक्झॉस्टची घरघर. मधला मजला, कॉरिडॉरच्या टोकाची खोली, लिफ्टपासून आणि चादरी ठेवायच्या खोलीपासून लांब, असं सांगून मागा. चादरींच्या खोलीपाशी सकाळी सगळी पोरं जमतात आणि गावगप्पा तिथेच होतात.

चेकआउटची वेळही विचारा. ‘चोवीस तास’ म्हणाले तर मी तरी ते सोडतो. पैशाला परवडतं, पण तिथे रात्री दोनला कोणी येतं, साडेतीनला कोणी निघतं, आणि प्रत्येकाच्या बॅगेला चाकं असतात. व्हिट्रिफाइड टाइल्सवरून ती बॅग गेली की अख्खा मजला उठतो. स्टेशनजवळ हे हमखास, कारण रत्नागिरीला गाड्या मध्यरात्रीही थांबतात. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी अजून एकेरी आहे. क्रॉसिंगला गाडी उभी राहते, सुटताना हॉर्न देते. मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणारी रो-रो वेगळीच. मला त्या हॉर्नने झोप येते, पण मी बिघडलेला नमुना आहे.

आता डिसेंबरचं खास. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहली. पावस, पुळे, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग असा फेरा मारून बस संध्याकाळी लॉजला लागते. पन्नास पोरं, चार शिक्षक, आणि दर दहा मिनिटांनी कॉरिडॉरमध्ये ‘सर झोपले का बघ रे’. पोरांना दोष नाही, मी पण तेच केलंय. पण बुक करायच्या आधी विचारा, ‘या तारखांना सहल किंवा ग्रुप बुकिंग आहे का?’ हे लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात.

आणखी एक, तुमच्या लग्नाचा मुहूर्त तुमच्या एकट्यांचा नाही. पंचांगात त्या तारखेला मुहूर्त आहे म्हणजे त्या दिवशी शहरातलं प्रत्येक कार्यालय आणि प्रत्येक लॉन भरलेलं असणार, आणि आदल्या रात्री हळदीचे डीजे. म्हणजे फक्त तुमच्या कार्यालयापासून लांब राहून भागणार नाही. नकाशा उपग्रहाच्या फोटोवर टाका आणि हॉटेलच्या आजूबाजूला लांबुळके पत्र्याचे छप्पर किंवा मोकळं हिरवं मैदान दिसतंय का बघा. तिथे बोटाने मोठं केलं की नाव येतं. हॉटेलचाच हॉल असेल तर तेही विचारा. बाहेरच्या डीजेपेक्षा घरचा डीजे वाईट, त्याची तक्रार ज्याच्याकडे करायची त्यानेच भाडं घेतलेलं असतं.

भागांबद्दल. मारुती मंदिर सर्कल, जयस्तंभ, एसटी स्टँड इथे रस्त्याला तोंड असलेली खोली नको. मागची चालेल, चांगली सुद्धा असू शकते. कुवारबाव ते खेडशी पट्ट्यात मिऱ्या-नागपूर हायवेची जड वाहतूक आहे. मांडवी संध्याकाळी फिरायला जा, पण राहायचं असेल तर मिरकरवाडा बंदर किती जवळ आहे ते बघून घ्या. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तिथे सामसूम असते, डिसेंबरात मात्र भर हंगाम. बर्फाच्या गाड्या, मासळीचे टेम्पो, इंजिनं, आणि माणसं एकमेकांशी वाऱ्याच्या वर आवाज काढून बोलतात, कारण समुद्रावर तीच सवय लागते.

माझं मत थिबा पॅलेसच्या बाजूला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इकडे आणून ठेवलं, तो राजवाडा १९१० च्या सुमाराला झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथेच गेला. त्याला तिथे शांततेसाठी ठेवलं नव्हतं, नजर ठेवायला ठेवलं होतं. पण आपला फायदा असा की त्या रस्त्याच्या आतल्या गल्ल्या अजून राहत्या घरांच्या आहेत. मारुती मंदिरला रिक्षाने पटकन येता येतं.

आणि फोन दुपारी नाही, रात्री साडेदहाला करा. मागे काय वाजतंय ते तुमचं तुम्हाला ऐकू येईल.

सुरूचं_बन

बॅगवाला भाऊ, ‘खिडकीतून काय दिसतं’ हे झकास. आम्ही भाट्याच्या पुलापलीकडे दोन खोल्या देतो, आम्हाला पण लोक ‘शांत आहे ना’ असंच विचारतात आणि आम्ही पण ‘हो’च म्हणतो. 😀

अनुराधाताई, तुम्हाला कोणी ना कोणी समुद्राजवळ राहा म्हणणार, म्हणून आधीच लिहिते. समुद्र शांत नसतो. पावसाळ्यातली गाज खिडकी बंद केली तरी उशीत येते. डिसेंबरात ती मवाळ असते, आणि एकसारखी असल्यामुळे बहुतेकांना उलट झोपच लागते. त्रास असतो तो मधूनच येणाऱ्या आवाजांचा. दिवसा वारा समुद्राकडून येतो तेव्हा आमच्या मागच्या रस्त्यावरची गाडी ऐकूच येत नाही. रात्री मतलई वारा सुटला की तो जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि पावस रस्त्यावरची मोटारसायकलसुद्धा अंगणातून गेल्यासारखी वाटते. पाहुणे दुपारी खोली बघतात, खूश होतात, आणि रात्री म्हणतात एवढ्या गाड्या कुठून आल्या. गाड्या तेवढ्याच असतात. त्यामुळे समुद्राकाठी रूम घ्यायची तर रस्ता घराच्या कुठल्या अंगाला आहे ते विचारा.

शिवाय आमच्या मागे हापूसची बाग आहे. डिसेंबरात मोहोराच्या फवारण्या सुरू असतात. वारा पडलेला असतो म्हणून भल्या पहाटे, आणि पंप इंजिनवरचा. बागवाल्याला काय सांगणार, मोहोर गेला तर त्याचं वर्ष गेलं. वानरं कौलांवर उड्या मारतात ते वेगळं. पत्र्यावर मारली तर बॉम्ब पडल्यासारखं वाटतं, म्हणून पत्र्याच्या छपराची खोली गावाकडे कुठेच घेऊ नका. कोंबडे आहेत. कुत्रे आहेत. वाडीत एकादशीचं भजन असतं, ते आम्हाला आवडतं पण तुम्हाला सांगून ठेवलेलं बरं.

आणि पुलापलीकडे रात्री रिक्षा सहज मिळत नाही. हळदीच्या रात्री डोकं दुखायला लागलं तर तिथे अडकाल. म्हणून तुमच्यासाठी शहरातलीच खोली बरी, आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

डेसिबलराव

थोडं तांत्रिक. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. त्या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सूट घरच्या हळदीला लागू नाही.

दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तर कमी होतात फक्त तीन. म्हणजे ‘रस्त्यापासून जरा आत’ याचा फार उपयोग नाही. मध्ये एक अख्खी इमारत आली तर मात्र मोठा फरक पडतो. बॅगवाला यांची मागची खोली म्हणूनच बरोबर आहे, ती स्वतःच्याच इमारतीच्या आडोशाला असते.

खिडकीची काच किती जाड यापेक्षा फट किती हे बघा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या झिजल्या की बोटभर फट राहते आणि तेवढ्यातून सगळं आत येतं. जुन्या चिऱ्याच्या भिंती या कामाला उत्तम, जड भिंतीतून आवाज कमी जातो.

सुचवणी : रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलजवळचं हॉटेल का घेत नाही?

बॅगवाला

डेसिबलराव, बाकी सगळं मान्य, पण हॉस्पिटलजवळ? अहो माझा जन्म हॉस्पिटलच्या गेटवर चाललाय. फलकावर हॉर्नवर काट मारलेली असते आणि फलकाखालीच रिक्षा स्टँड. ॲम्ब्युलन्स रात्रीच येते, रात्रभर उघडं मेडिकल, चहाची गाडी, आणि बाहेर बसलेले नातेवाईक फोनवर अख्ख्या खानदानाला बातमी देत असतात. शांतता क्षेत्र कागदावरचं. झोपायला कागद उपयोगाचा नाही.

कागदावरून आठवलं. वर्तमानपत्र आणि रुंद चिकटपट्टी बॅगेत टाका. लॉजच्या बाथरूमला वर काचेच्या झडपा असतात, त्या डक्टमध्ये उघडतात, आणि त्या एका डक्टमध्ये सगळ्या मजल्यांच्या बाथरूम. वरच्या मजल्यावरच्या माणसाची गुळणी मला पाठ झालेली असते. गेल्यागेल्या झडपांवर वर्तमानपत्राची जाड घडी चिकटवायची, बाथरूमचं दार लावून घ्यायचं. निघताना काढायचं, नाहीतर रूमबॉय शिव्या घालतो. दाराखालच्या फटीला जाडी चादर किंवा टॉवेल. तो टॉवेलचा हंस उलगडून वापरला तरी चालेल.

अनुराधा_डोंबिवली

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. टॉवेलच्या हंसाला शेवटी काम मिळालं!

सगळे प्रश्न वहीत उतरवून फोन लावले. तीन उरलेत, नावं घेत नाही.

पहिलं स्टेशनकडे. नवीन, लिफ्ट, डबल काच असं म्हणतात. खिडकीतून ‘हायवे आणि डोंगर’. चेकआउट चोवीस तास.

दुसरं थिबा पॅलेसच्या बाजूला, जुनं, लिफ्ट नाही, एसी फक्त काही खोल्यांना. मी खिडकीचं विचारलं तर पलीकडचे काका म्हणाले, ‘मागे आमचीच विहीर आणि माड, बघण्यासारखं काय नाय हो.’ बॅगवाला, अगदी तुमच्या शब्दांत!

तिसरं भाट्याकडे, फोटो बघून जीव गेला, पण सुरूचं_बन ताईंनी हवा काढून घेतली.

अजून दोन अडचणी. एक, सासूबाई. कार्यालयातल्या खोल्या सोडून हॉटेलात राहिलो तर ‘आमच्यात राहायचं नाही’ असा अर्थ निघतो. दोन, हळदीच्या रात्री मला डीजेसमोर निदान तासभर उभं राहावं लागेल. इअरप्लग घातले तर दिसतात का?

सुरूचं_बन

सासूबाईंचं माझ्याकडे द्या. डोकेदुखीचं नाव काढू नका, ‘एवढं काय होतं’ असं ऐकावं लागेल. सांगायचं, ‘आई, कार्यालयात शंभर माणसं येणार-जाणार. दागिने, आहेराची पाकिटं, शालू हे सगळं तिथे उघड्यावर नको. मी हॉटेलवर कपाटात कुलूप लावून ठेवते, लागेल तसं आणून देते.’ त्याच तुम्हाला पाठवतील. दुपारी तासभर गायब झालात तरी ‘दागिने आणायला गेली’ म्हणून खपतं. आमच्या वाडीत निम्म्या सुना असंच निभावतात.

एक मात्र आहे, दागिन्यांची जबाबदारी खरीच तुमच्यावर येणार. हॉटेलच्या कपाटाचं कुलूप बघून घ्या, नाहीतर स्वतःचं न्या.

बॅगवाला

वहिनी, तुम्ही एमआर व्हायला हवं होतं.

ताई, दुसरं घ्या. नव्या हॉटेलची डबल काच हायवेपुरती खरी असेलही, पण आवाज दाराच्या बाजूने येतो, कॉरिडॉरमधून, त्याला काच काय करणार. काकांकडे फक्त इतकं विचारा : विहिरीवरची मोटर कधी लावतात, एसी खोल्यांची बाहेरची यंत्रं कोणत्या भिंतीवर आहेत, जनरेटर कुठे ठेवलाय. लिफ्ट नाही हे तर चांगलंच, सहलवाले आणि मोठे ग्रुप अशा ठिकाणी कमी येतात. पहिला मजला मागा म्हणजे जिना पण फार नाही. पंखा असू द्या, एका वेगावर रात्रभर चालू ठेवा. त्याची घरघर बारीकसारीक आवाज झाकते. खडखडणारा असेल तर पहिल्याच दिवशी बदलून मागा, शेवटच्या दिवशी नाही.

इअरप्लग : मेडिकलमध्ये फोमचे मिळतात. बहुतेक लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. केस मोकळे सोडलेत किंवा पदर घेतलात तर कोणाला दिसणार नाहीत. पण डीजेचा तो छातीत वाजणारा धप-धप फोमने पुरता अडत नाही, त्याला उपाय एकच, स्पीकरच्या समोरून बाजूला होणं. वाढपाच्या टेबलाशी उभ्या राहा. मामी काम करतेय असंही दिसतं.

औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मी औषधं विकतो, देत नाही.

डेसिबलराव

एसीच्या बाहेरच्या यंत्राबद्दल बरोबर. ते भिंतीला ब्रॅकेटवर असेल तर आवाजापेक्षा कंप भिंतीतून आत येतो, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू त्याच भिंतीला असली तर जास्त जाणवतो. पलंग हलत असेल तर हलवून घ्या.

दहानंतर डीजे थांबला नाही तर ११२. फोन करायला संकोच वाटतो हे कळतं, पण दुसऱ्याच्या लग्नाचा असेल तर करा.

शिमगाप्रेमी

आणि आपल्याच लग्नाचा असेल तर?

डेसिबलराव

तर मामीने करू नये. शेजारी करतात.

कांदिवली_ते_कणकवली

धागा वळवतोय, माफ करा. आम्ही नाताळात मालवणला जाणार, सोबत सात महिन्यांचं बाळ. तिकडे हेच सगळं लागू आहे का?

देवबागकर

माका इचारल्यार नाताळात तारकर्ली-देवबागेत शांतता गावाची नाय. सकाळी पाण्यातल्या खेळांच्यो बोटी, रात्री डीजे. मालवणात भरडार तर गाड्यांची रांगच रांग. शांत रवाचा आसात तर आचऱ्याच्या बाजूक बघा. पण तेच्या आदी त्या गावची जत्रा कधी ती इचारा. जत्रेक दशावतार आसलो तर रातभर पेटी, पखवाज आणि झांज. तेवा झोपाचा कित्याक? बाळाक घेवन बघूक बसा.

बॅगवाला

देवबागकरांशी सहमत. त्यात एवढंच घालतो की कणकवलीत मुक्काम पडला तर हायवेच्या पुलाची उंची आणि तुमच्या खोलीचा मजला एक आहे का बघा. जमिनीवरून बघितलं तर हॉटेल रस्त्यापासून बाजूला वाटतं, तिसऱ्या मजल्यावर गेलं की ट्रक खिडकीच्या पातळीला. बाळासाठी खालचा मजला, मागची बाजू. आणि गतिरोधकाजवळचं हॉटेल अजिबात नको. रात्री रिकामा ट्रक त्यावरून उडाला की मागची फाळकी अशी वाजते की मोठी माणसं रडतील.

अनुराधा_डोंबिवली

अपडेट. रात्री साडेदहाला काकांना फोन केला. मागे फक्त टीव्हीवरच्या बातम्या. मोटर पहाटे पाचला लावतात म्हणाले, कारण सकाळी सगळ्यांना आंघोळीला पाणी लागतं. मी विचारलं, रात्री नऊला टाकी भरून ठेवता येईल का? जरा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘लग्नाची माणसं दिसताय. भरतो, पण मग पाणी जपून वापरा.’ जनरेटर पुढच्या अंगणात आहे. एसी नको म्हणून सांगितलं, डिसेंबरात कशाला लागतोय. पहिला मजला, मागची, टोकाची खोली. त्या तारखांना सहल नाही, एक म्हातारं जोडपं आहे फक्त, पावसला स्वामींच्या दर्शनाला जाणारं. चार रात्रींचा ॲडव्हान्स पाठवला.

सासूबाईंना दागिन्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरं सुचलं तुला, माझ्या पाटल्या पण तुझ्याकडेच ठेव.’ आणि दुपारी त्याही माझ्याबरोबर खोलीवर येणार आहेत, जरा पाठ टेकायला. घोरतात. सुरूचं_बन ताई, यावर काही?

सुरूचं_बन

यावर फोमचे प्लग. कान वर आणि मागे ओढून.